पश्चिमेच्या ओळीची तीन पानं

२ फेब्रुवारी, सोमवार

ही वही मूळची बसस्टँडची. गाड्यांच्या वेळा उतरवायला दिली होती. नोकरी सुटली तशी तीही माझ्याबरोबर बाहेर पडली. पुढची चार पानं फाडली, आता ती माझी.

आजपासून नवी नोकरी. मोजली तर अकरावी. वय चोवीस. झेरॉक्सचं दुकान, बोटीवरचं कॅन्टीन, सर्कशीची तिकीटखिडकी, शेवटी बसस्टँडवर माईकवरून गाड्या पुकारणं. चार महिन्यांच्या वर कुठेच टिकले नाही. भांडण वगैरे काही नाही, नुसतीच निघते. सर्कशीत एक शहाणी घोडी होती, तिच्याबद्दल एकदा लिहायला हवं, पण ते नंतर.

मावशी साहेबांकडे वीस वर्षं स्वयंपाक करते. साहेब म्हणजे सगळ्यात वरच्या कोर्टाचे न्यायाधीश. वय अठ्ठ्याहत्तर. त्या खुर्चीला वयाची अट नाही, माणूस आपणहून उठेपर्यंत बसतो. पण साहेबांचे डोळे गेलेत. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. मला म्हणाले, "तू समोर उभी राहिलीस की तुझे कान दिसतात, तोंड नाही."

"बरंच आहे ते," मावशी आतून म्हणाली.

तर काम असं: कागद मी वाचायचे, ते ऐकणार. कोर्टात कारकून ढीगभर आहेत, पण त्यांतला कोण कुणाचा हे हल्ली सांगता येत नाही म्हणून बाहेरचं माणूस हवं होतं. "आवाज खणखणीत आहे आणि रिकामी आहे," अशी मावशीने माझी शिफारस केली.

"शाळा?" साहेबांनी विचारलं.

"नववी. दहावीच्या परीक्षेच्या आठवड्यात बोटीवर गेले."

"वाचलेलं कळलं नाही तर काय करतेस?"

"तरी वाचते."

"उत्तम. ज्यांना कळतं ते मधेच मतं देतात."

ठरलं. मग म्हणाले, खालच्या ड्रॉवरमधून बटणांचा डबा काढ. तिथे डब्याच्या वर एक टाइप केलेलं पत्र होतं, राष्ट्राध्यक्षांना. खाली साहेबांची सही. वर 'दिनांक' आणि पुढे मोकळं. पहिली ओळ वाचली, 'महोदय' वगैरे, आणि सोडून दिलं. अर्धवट राहिलेली कामं माझ्याकडेही पुष्कळ आहेत.

बटणांचं खरं मजेशीर आहे. साहेबांना टिपणं काढता येत नाहीत, म्हणून एकेक पुरावा ऐकला की एकेक बटण ते टेबलावर ठेवतात. एका बाजूचं डावीकडे, दुसऱ्या बाजूचं उजवीकडे. हलका पुरावा असेल तर शर्टाचं, वजनदार असेल तर कोटाचं. बोटांनी चाचपून सगळा खटला पाठ म्हणून दाखवतात. घोडीसुद्धा खुराने आकडे मोजायची, पण बेरजेच्या पुढे गेली नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

खटला आता मला कळला. कालव्याकाठी तीनशे घरांची वस्ती आहे. सरकारला तिथे कचेऱ्यांची मोठी इमारत बांधायची आहे. कालवा खणायच्या आधीपासून जे राहतात त्यांना कायद्याने हलवता येत नाही; नंतर आलेल्यांना येतं. निकाल साहेब देणार. आणि निकालाआधी साहेब उठले तर खटला पहिल्यापासून, तोही सरकारने नेमलेल्या नव्या माणसापुढे. म्हणून सरकारला त्यांना उठवायची ही घाई. कोपऱ्यावर फलक लागलाय: 'आता नव्या खांद्यांना संधी!' पेपरात चित्र, साहेब खुर्चीत घोरतायत आणि खुर्चीला कोळिष्टकं. मावशीने तो पेपर कणकेच्या डब्याखाली दडवला होता. मी काढून वाचून दाखवला. माझं कामच ते.

"डोक्यावर केस किती दाखवलेत?" साहेबांनी विचारलं.

"भरपूर."

"मग चित्रकार आपला माणूस आहे."

दुपारी त्यांची मुलगी आली. मी तिला ताई म्हणते. तिने आल्या आल्या औषधांचं पाकीट उघडून गोळ्या मोजल्या, मग बोलायला बसली.

"आबा, सरकारातल्यांनी मला बोलावलं होतं. चांगलं बोलले. मोठा समारंभ करतो म्हणाले. रस्त्याला तुमचं नाव देतो म्हणाले."

"कुठल्या रस्त्याला?"

ताईने औषधांचं पाकीट बंद केलं. "कालव्यावरच्या नव्या."

साहेब इतके हसले की ठसका लागला. ताई हसली नाही. पाण्याचा पेला तिने त्यांच्या हातात दिला. "तुम्ही जिन्यात दोनदा पडलात, ते मी कुणाला सांगितलेलं नाही," ती हळूच म्हणाली. "पण मला झोप येत नाही आबा." जाताना मला म्हणाली, जिन्यात त्यांच्या पुढे उतर, मागे नको. ही माझ्यावर का चिडली कळलं नाही. की चिडली नव्हतीच?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

नऊ गठ्ठे आहेत. आज सातवा. कंटाळ्याने डोक्याचा पार भुगा झाला. पाणीखात्याची नळजोडणीची नोंदवही: घर क्रमांक, मीटर क्रमांक, तारीख. पुन्हा घर क्रमांक, मीटर क्रमांक, तारीख. वस्तीच्या वकिलाने ती गठ्ठ्यात कोंबली आणि बहुतेक विसरला, कारण त्याच्या भाषणात ती कुठेच नाही. तो आपला घरपट्टीच्या पावत्याच धरून बसलाय. त्यात खिडकीबाहेर दोन माणसं शिडी लावून कोपऱ्यावरचा फलक बदलत होती. शिडी एका बाजूने सरकत होती आणि खालच्याचं लक्ष नव्हतं. मी ओरडणार इतक्यात त्याने धरली. तेवढ्यात तीन पानं एकदम उलटली. साहेबांना काही कळलं नाही. नुसते आकडेच होते.

नव्या फलकावर तीच ओळ, अक्षरं मोठी.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये एक चांगले गृहस्थ भेटतात. अंगाला सेंटचा वास इतका की चहाची चव बदलते. मी मनात त्यांना सेंटवाले म्हणते. साहेबांना कोर्टात पोचवून मी थांबते तेव्हा ते येतात, आज चौथ्यांदा. रेडिओवर ओळख आहे म्हणाले, असा आवाज बसस्टँडवर वाया गेला म्हणाले. हे मला कोणीतरी कधीच सांगायला हवं होतं.

आणि किती मन लावून ऐकतात! बोटीवरचं, सर्कशीचं, सगळं ऐकलं. साहेबांचंही कौतुक आहे त्यांना. या वयात कसं जमतं हो, म्हणाले. मग मी बटणांचं सांगितलं. ते कसे सगळं ऐकूनच करतात, सही करताना बोट कुठे ठेवायचं ते मी कशी दाखवते, परवा माझ्याऐवजी कोटाच्या खुंटीशी कसे बोलत होते. खूप हसले. मधे मधे छोट्या वहीत काही लिहून घेतात. विसरभोळे असावेत.

मावशीला सांगितलं तर तिने लाटणं खाली ठेवलं. "कोण आहे तो? कुठला?"

"विचारलं नाही."

"अगं, तू त्याला सगळं विचारू दिलंस आणि त्याचं नावसुद्धा विचारलं नाहीस?"

मावशीला कुणात काही चांगलं दिसतच नाही.

३ मार्च, मंगळवार

पेपरात, पहिल्या पानावर. 'निकाल कोण लिहितं? नववी पास बसस्टँडवाली!' खाली बटणं, खुंटी, सहीचं बोट. सगळे शब्द माझे, जसेच्या तसे. मी ते साहेबांना वाचून दाखवलं, कारण माझं कामच ते. दोनदा अडखळले. बसस्टँडवर कधी असं झालं नव्हतं.

वाचून झाल्यावर म्हटलं, "मीच सांगितलं हे. कॅन्टीनमध्ये."

"कळलं. खुंटीचं तुलाच माहीत होतं."

"जाते मी."

"आठवा गठ्ठा अर्धा राहिलाय," साहेब म्हणाले. "आणि खुंटीने मला कधी उलट उत्तर दिलं नाही, एवढं पुढच्या वेळी सांग त्यांना."

मावशी मात्र चिडली. ताट वाढलं ते आपटून. पण भाजी जास्त होती.

९ मार्च, सोमवार

गठ्ठे संपले. आज साहेबांनी निकालाचा मसुदा सांगायला घेतला, मी लिहून घेत होते. पूर्वेच्या दोनशे साठ घरांना हात लावता येणार नाही असं झालं. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मग पश्चिमेची ओळ. चाळीस घरं. साहेबांनी बोटांनी टेबल चाचपलं. त्या जागी बटण नव्हतं. "पश्चिमेच्या ओळीचा कालव्याआधीचा एकही कागद समोर आलेला नाही. ती घरं हलवण्यास हरकत नाही. लिहिलंस?"

लिहिलं. आणि पेन उचलताना शिडी आठवली.

साहेब जेवायला गेले तेव्हा सातवा गठ्ठा सोडला. नळाची नोंदवही. मी उलटलेल्या तीन पानांवर वर लिहिलंय: पश्चिम ओळ. चाळीसच्या चाळीस नळ. तारखा कालव्याच्या अकरा वर्षं आधीच्या.

आता बघा. सांगितलं तर पेपरवाले खरे ठरतात. बसस्टँडवालीच्या कंटाळ्यावर निकाल चालतात, हे मीच सिद्ध केलं. साहेबांना दुसऱ्या दिवशी उठवतील. न सांगितलं तर चाळीस घरं गेली. तिसरा रस्ता मला चांगला ठाऊक आहे. बॅग भरायला मला सात मिनिटं लागतात.

भरली. निघाले. पण बसस्टँडकडे जायच्याऐवजी पाय कालव्याकडे वळले, मला रस्त्यात फाटे फुटतातच. पश्चिमेची ओळ म्हणजे बैठी घरं, दारात पत्र्याच्या डब्यांत रोपं, एका दारात सायकल उलटी करून चाक फिरवणारा म्हातारा. पाचव्या घराबाहेर नळ. मीटरच्या काचेवर शेवाळ, आत आकडा. यादीतलाच.

एक बाई बादली भरत होती. "मीटरवाली का गं तू?"

"नाही."

"मग नळाकडे काय टक लावून बघतेस?"

"कधीचा आहे?"

"माझ्या सासऱ्यांनी घेतला. मी लग्न होऊन आले तेव्हा कालवाबिलवा काही नव्हतं, घोट्याएवढा चिखल होता. सासरे म्हणाले, सुनेने पाण्याला लांब जायचं नाही." बादली भरली तशी तिने नळ घट्ट आवळला. "पाणी हवंय का? एवढी बॅग घेऊन उन्हात उभी आहेस."

प्यायले. परत आले. मावशीने बॅग बघितली आणि आत नेऊन ठेवली.

१० मार्च, मंगळवार

सकाळी चहाच्या आधी सांगून टाकलं.

"साहेब, मी तीन पानं गाळली होती."

"कुठली?"

"सातवा गठ्ठा. नळांची. पश्चिमेच्या ओळीची."

"का?"

"कंटाळा आला. बाहेर शिडी होती."

मावशी दारात उभी होती, हातात गाळणी. साहेबांनी टेबलावरची ती रिकामी जागा चाचपली. मग म्हणाले, "आणि मला कळलं नाही." पुन्हा तेच म्हणाले. माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं.

मी वाचून दाखवली. तिन्ही पानं, साहेबांच्या हुकुमाने पान क्रमांक पुकारत. एकेका घराला त्यांनी एकेक शर्टाचं बटण ठेवलं, कमी पडली तेव्हा मावशीने शिवणाच्या पेटीतली आणून दिली.

"आता निकाल बदला," मी म्हटलं. "कोर्टात सांगायचं नाही. कुणाला कळतंय?"

"तुला कळतंय. मला कळतंय. शिवाय या पानांवर सरकारी वकिलाला बोलायचा हक्क आहे. तो मी गुपचूप चोरला, तर माझ्यात आणि तुझ्या त्या कॅन्टीनवाल्यात फरक काय?"

"पण पेपरवाले म्हणतील, आम्ही म्हणालोच होतो."

"एवढ्यापुरतं त्यांचं बरोबर आहे. बरोबर ते बरोबर."

मग त्यांनी टेबलाचा दुसरा कोपरा मोकळा केला आणि डब्यातून कोटाची बटणं काढली. उजवीकडे एक ठेवलं: "डोळे." दुसरं: "जिना. म्हणजे मुलीची झोप." तिसरं: "तुझी तीन पानं. नव्हे, मला न कळलेली तीन पानं." डावीकडे एकच ठेवलं. "हा खटला."

"उजवीकडे तीन झाली," मी म्हटलं.

"मोजता येतं तुला. पण डावं आधी उचलायचंय."

काय ते कळलं नाही. कोपऱ्यावरची बटणं तशीच राहू दे म्हणाले, मावशीला पुसू देऊ नकोस.

१६ मार्च, सोमवार

कोर्ट खच्चून भरलं होतं. सेंटवाले तिसऱ्या रांगेत. माझ्याकडे बघून मान हलवली, ओळखीची. मीही हलवली, पण मी नकाराची हलवली.

साहेबांनी सुरुवातच केली: "निकालाआधी एक चूक सांगायची आहे. माझ्यासमोरच्या कागदांतली तीन पानं माझ्यापर्यंत पोचली नव्हती. वाचकाने गाळली. मला ते लक्षात आलं नाही. वाचकाने स्वतः येऊन सांगितलं." एकदम गलका. सरकारी वकील उठला, त्याच्या चेहऱ्यावर अगदी वाढदिवस.

"म्हणजे पेपरातलं खरं आहे, हे माननीय न्यायमूर्ती मान्य करतात?"

"करतो. बटणंसुद्धा. हवी असतील तर दाखवतो. आता ती पानं आपण सगळेच ऐकू, मग आपण त्यांना उत्तर द्या." आणि माझ्याकडे वळून, म्हणजे माझ्या कानांकडे बघून, "वाच."

मी उभी राहिले. समोर माणसं आणि हातात याद्या, हे तर माझं जुनंच काम. पान क्रमांक पुकारला. घर क्रमांक एक, मीटर क्रमांक, तारीख. घर क्रमांक दोन. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जात होतं. पाचव्या घराला मला बादली दिसली. चाळीस झाली तेव्हा कोर्टात पंख्याचा आवाज येत होता.

सरकारी वकिलाला आठवड्याची मुदत मिळाली. बाहेर आरोळ्या, 'खुर्ची सोडा.' ताई आली होती. तिने गर्दीतून साहेबांचा हात धरला आणि एका कॅमेरावाल्याला म्हणाली, "बाजूला हो, माझे वडील जिना उतरतायत." मी पुढे उतरले.

२४ मार्च, मंगळवार

सरकारी वकिलाकडे उत्तर नव्हतं. शिक्का पाणीखात्याचा, खातं सरकारचं, नाकारणार कसं?

या कोर्टात रिवाज आहे: निकालाआधी न्यायाधीशाने गठ्ठ्यांवर हात ठेवून म्हणायचं, 'सर्व कागद मी पाहिले आहेत.' साहेबांनी हात ठेवला आणि म्हणाले, "सर्व कागद मी ऐकले आहेत. पान क्रमांकासकट." कुणीतरी हसलं. मग पावणेदोन तास, समोर कागद नाही, बोटं टेबलावर, जणू बटणं तिथेच आहेत. एक आकडा चुकला नाही. माझ्या मांडीवर मसुदा होता, मी बोट ठेवून तपासत होते. तीनशेच्या तीनशे घरं राहिली.

मागच्या बाजूला ती बादलीवाली बाई होती. मला बघून तिने शेजारणीला कोपर मारलं: "अगं, ही तर मीटरवाली!"

सेंटवाले निकाल संपायच्या आत उठून गेले होते.

२५ मार्च, बुधवार

सकाळी खोलीत गेले तर कोपऱ्यावर डावीकडचं बटण नव्हतं. साहेबांच्या मुठीत होतं. त्यांनी ते डब्यात टाकलं.

"खालच्या ड्रॉवरमध्ये एक पत्र आहे. वाच. पूर्ण."

तेच ते, पहिल्या दिवशीचं. आज पूर्ण वाचलं. डॉक्टरांनी डोळ्यांचं सांगितलं त्या दिवशी, तीन वर्षांपूर्वी लिहिलेलं, असं साहेब म्हणाले. डोळे साथ देत नाहीत, हातातली कामं संपली की उठेन. शेवटची ओळ: 'खुर्ची कुणी मागितली म्हणून सोडत नाही, अजून स्वतःच्या पायांनी उठता येतं म्हणून सोडतो.' म्हणजे सगळा देश ज्या कागदासाठी ओरडत होता तो इथे बटणांच्या डब्याखाली... पहिल्या दिवशी आणखी सहा ओळी वाचल्या असत्या तर मला सगळं माहीत असतं. आणि मी ते कॅन्टीनमध्ये सांगितलं असतं. कंटाळ्याचाही कधी उपयोग होतो.

"त्यांना वाटेल, तेच जिंकले," मी म्हटलं.

"वाटू दे. चाळीस नळांना पाणी येतंय ना? पान क्रमांक नाही पुकारलास."

"एकच पान आहे साहेब."

"मग तारीख टाक. आजची."

दिनांकापुढच्या मोकळ्या जागेत मी आजची तारीख लिहिली. माझं अक्षर त्या टाइपापुढे वेडंवाकडं दिसतं, पण वाचता येतं. दारात ताई उभी होती, रडत होती आणि हसत होती. मावशी म्हणाली, "आता निदान जेवण वेळेवर व्हायचं," आणि डोळे पुसायला आत गेली.

मला वाटलं, संपलं. बॅग कुठे ठेवलीय ते मावशीला विचारायला वळले.

"बस," साहेब म्हणाले. "त्या घोडीचं तू मला पाच वेळा सांगायला घेतलंस आणि पाचही वेळा मधेच सोडलंस. आता मला वेळच वेळ आहे. आणि काही गाळायचं नाही."

मी खुर्ची जवळ ओढली आणि घोडीचं पहिल्यापासून सांगायला घेतलं.